दोनशे फुटांच्या आत

जुलै १९८० मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या क्लीबर्न या लहान शहरात २०१, फेदरस्टन स्ट्रीट हे घर विकलं गेलं. चार बेडरूम, दोन बाथरूम, आणखी एक छोटं टॉयलेट काढायचं ठरलेलं. ‘क्लीबर्न लिव्हिंग सेंटर’ नावाची संस्था ते भाड्याने घेणार होती आणि तिथे बौद्धिक अक्षमता असलेले तेरा प्रौढ स्त्री-पुरुष राहणार होते, सोबतीला दिवसरात्र कर्मचारी. रस्त्यापलीकडे शाळा होती, आजूबाजूला वस्ती होती. संस्थेला नेमकी अशीच जागा हवी होती.

नगरपालिकेने कळवलं की या घराला विशेष परवाना लागेल. त्या भागात अपार्टमेंट, वसतिगृह, कॉलेजच्या मुलांची सामायिक घरं, लॉज, इस्पितळ, वृद्धांचं शुश्रूषागृह यांपैकी काहीही विशेष परवान्याशिवाय चालत होतं. परवाना लागे तो वेडे, मंदबुद्धी, दारुडे आणि व्यसनी यांच्या रुग्णालयांना आणि तुरुंगांना. तेरा माणसांचं हे घर पालिकेने या यादीत बसवलं. परवाना एका वर्षापुरता मिळायचा, आणि अर्जाला घरापासून दोनशे फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांच्या सह्या जोडायच्या होत्या.

तेरा माणसं कुठे राहणार हे ठरवताना दोनशे फुटांतल्या घरमालकांना विचारायचं होतं. जे राहणार होते त्या तेरा जणांना विचारायची सोय त्या कागदपत्रांत कुठेच नव्हती. अशी घरं उघडण्याचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येताना दिसतो: निर्णय घेताना कुणाला विचारलं जातं? कायदा, पैसा, इमारत, कर्मचारी यांतल्या प्रत्येक टप्प्यावर तो नव्याने उभा राहतो आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर नव्याने मिळवावं लागतं.

क्लीबर्नमधल्या तेरा जणांना वस्तीतलं घर का हवं होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत मूल ‘मंद’ आहे असं निदान झालं की डॉक्टरच आईवडिलांना सांगत, त्याला सरकारी संस्थेत ठेवा आणि विसरून जा. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंडवरची विलोब्रुक स्टेट स्कूल ही तशीच संस्था. तिची क्षमता चार हजारांची. १९६५ साली तिथे सहा हजारांहून जास्त माणसं होती. त्या वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी अचानक पाहणीला गेले आणि बाहेर आल्यावर त्यांनी तिथल्या अवस्थेचं फार कठोर शब्दांत वर्णन केलं. बातम्या आल्या, आश्वासनं दिली गेली. सात वर्षांनी, जानेवारी १९७२ मध्ये, संस्थेतून काढून टाकलेल्या एका डॉक्टरने दिलेल्या किल्लीने गेराल्डो रिव्हेरा हा तरुण वार्ताहर कॅमेरा घेऊन एका इमारतीत शिरला. अंधाऱ्या हॉलमध्ये उघडीवाघडी मुलं जमिनीवर बसलेली, साठ-सत्तर मुलांमागे एखादा कर्मचारी. अमेरिकेने हे चित्र घरबसल्या टीव्हीवर पाहिलं.

रिव्हेराने ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं त्यांत बर्नार्ड काराबेल्लो होते. त्यांना सेरेब्रल पाल्सी होती, बोलणं अडखळत होतं, म्हणून वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांना मंदबुद्धी ठरवून विलोब्रुकमध्ये टाकलं गेलं होतं. तिथे अठरा वर्षं गेली. पुढे ते अपंगांच्या हक्कांचे कार्यकर्ते झाले. विलोब्रुकमधलं आयुष्य कसं होतं हे तिथे राहिलेल्या माणसाला विचारावं, ही साधी गोष्ट एका वार्ताहराने केली, आणि त्या मुलाखतीचं वजन आजही कमी झालेलं नाही.

१९७२ मध्येच तिथल्या मुलांच्या पालकांनी राज्य सरकारवर खटला भरला. १९७५ च्या तडजोडीच्या निकालात राज्याने मान्य केलं की विलोब्रुकमधल्या माणसांना वस्तीतल्या लहान घरांत हलवलं जाईल. संस्था पूर्ण बंद व्हायला १९८७ साल उजाडलं. मधल्या काळात न्यूयॉर्क राज्याला शेकडो घरं शोधावी लागली, आणि तेव्हा लक्षात आलं की पैसा मिळतो, इमारती मिळतात, शेजार मात्र मिळत नाही. सार्वजनिक सभांत लोक उठून विचारत: आमच्या मुलांचं काय? घराच्या किमतींचं काय? रस्त्यावर कोण हिंडणार? एखाद-दोन ठिकाणी घर ताब्यात येण्याआधीच जाळलं गेलं.

न्यूयॉर्कने १९७८ साली यावर जो कायदा केला तो पॅडॅव्हन कायदा म्हणून ओळखला जातो. चार ते चौदा माणसांचं घर उघडायचं असेल तर संस्थेने स्थानिक पालिकेला आधी लेखी कळवायचं. पालिकेला चाळीस दिवस. तेवढ्यात तिने होकार द्यावा, नाही तर त्याच हद्दीतली दुसरी योग्य जागा सुचवावी, नाही तर आक्षेप घ्यावा. आक्षेप मात्र एकाच कारणाने घेता येतो: या भागात अशी घरं आधीच इतकी आहेत की आणखी एकाने वस्तीचं स्वरूप बदलेल. लोकांना भीती वाटते, हे कारण त्या कायद्यात नाही. मला हा कायदा त्याच्या मर्यादांसकट मोठा शहाणपणाचा वाटतो. शेजाऱ्याला अंधारात ठेवायचं नाही आणि नकाराचा हक्कही त्याच्या हाती द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्यात साधल्या आहेत. किमतींच्या भीतीचाही छडा तेव्हाच लागला होता. प्रिन्स्टनचे भूगोलतज्ज्ञ ज्युलियन वोल्पर्ट यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या अशा घरांभोवतीचे खरेदी-विक्रीचे व्यवहार तपासले आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला की शेजारच्या किमती या घरांमुळे पडत नाहीत. नंतरचे बहुतेक अभ्यासही तेच सांगतात. तरी सभेत पहिला प्रश्न अजून किमतीचाच असतो.

क्लीबर्नमध्ये पॅडॅव्हन कायदा नव्हता. तिथल्या नगरपरिषदेने सुनावणी घेऊन तीन विरुद्ध एक मतांनी परवाना नाकारला. संस्था न्यायालयात गेली, पहिल्या पायरीवर हरली, वरच्या न्यायालयात जिंकली, आणि शहराच्या अपिलामुळे प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. निकाल १ जुलै १९८५ ला लागला. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी शहराची कारणं एकेक करून तपासली आहेत, आणि घर उघडू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो भाग वाचावा असा आहे.

शहर म्हणालं, दोनशे फुटांतल्या बहुतेक घरमालकांचा विरोध आहे, आणि आसपासच्या वृद्धांना भीती वाटते. न्यायालय म्हणालं, नुसता विरोध आणि नुसती भीती यांच्या आधारे एका घराला वेगळी वागणूक देता येणार नाही. लोकांचे पूर्वग्रह कायद्याच्या आवाक्याबाहेर असतील, पण कायद्याने ते अमलात आणायचे नसतात. शहर म्हणालं, समोर शाळा आहे, मुलं या लोकांना छळतील. न्यायालयाने दाखवून दिलं की त्याच शाळेत बौद्धिक अक्षमता असलेले तीसेक विद्यार्थी रोज शिकत आहेत. शहर म्हणालं, जागा पाचशे वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात आहे. मग त्याच पट्ट्यात वृद्धांचं शुश्रूषागृह आणि इस्पितळ परवान्याशिवाय कसं चालतं? शहर म्हणालं, तेरा माणसांना घर लहान पडेल. तेवढीच माणसं वसतिगृह म्हणून राहिली असती तर पालिकेने विचारलंही नसतं.

या शेवटच्या मुद्द्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. चार बेडरूममध्ये तेरा प्रौढ माणसं मला आजही पटत नाहीत. अमेरिकेतली नवी घरं आता बहुधा तीन-चार जणांची असतात, आणि ते योग्यच आहे. पण गर्दीची काळजी खरी असती तर पालिकेने माणसागणिक जागेचा नियम केला असता आणि तो सगळ्यांना लावला असता. तसा नियम तिने केला नव्हता. शहराच्या वागण्यामागे बौद्धिक अक्षमतेबद्दलचा विवेकशून्य पूर्वग्रह दिसतो, असं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं आणि या घरापुरती परवान्याची अट रद्द केली.

हा विजय अपुरा होता. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वंश किंवा लिंग यांच्याप्रमाणे संविधानाचं वाढीव संरक्षण द्यायला बहुमताने नकार दिला. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी स्वतंत्र मत लिहून त्यावर टीका केली. कृष्णवर्णीयांच्या शाळांचा खटला वकील म्हणून लढलेल्या या माणसाने या लोकांना समाजातून तोडून ठेवण्याच्या इतिहासाची तुलना थेट वर्णभेदाच्या काळाशी केली. स्वतःचं घर मांडणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा गाभा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८८ साली अमेरिकी संसदेने घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात अपंगत्वाचा समावेश केला आणि बरीचशी कसर तेव्हा भरून निघाली.

शेजाऱ्यांबद्दल इतकं लिहिल्यावर आईवडिलांबद्दलही लिहायला हवं, कारण घर उघडताना सगळ्यात अवघड बोलणी त्यांच्याशी होतात. पेनसिल्व्हेनियातली पेनहर्स्ट ही संस्था बंद करायचा हुकूम न्यायाधीश रेमंड ब्रॉडरिक यांनी दिला तेव्हा तिथल्या बऱ्याच पालकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. सरकारी संस्था शंभर वर्षं टिकते. भाड्याच्या घरात चालणारी एखादी संस्था उद्या बंद पडली तर? आम्ही म्हातारे झालोत, पुन्हा सगळं कोण उभं करणार? पेनहर्स्टमधून बाहेर पडलेल्या हजाराहून जास्त माणसांचा काही वर्षं सलग अभ्यास झाला. जेम्स कॉनरॉय आणि व्हॅलरी ब्रॅडली यांनी १९८५ मध्ये त्याचा अहवाल मांडला. बाहेर आलेली माणसं स्वतःचं जास्त करायला लागली होती, आणि ज्या कुटुंबांनी आधी विरोध केला होता त्यांतल्या बहुतेकांचं मत बदललं होतं. कायमस्वरूपी आधाराची त्यांची काळजी मात्र अहवालातही शिल्लक दिसते. ती रास्त आहे, आणि घर चालवणाऱ्याने तिचं उत्तर कागदावर द्यायला हवं: विश्वस्त कोण, निधी कुठे, संस्था बंद पडली तर जबाबदारी कुणाची.

घर उघडलं. आता आत काय? विलोब्रुकची नक्कल सहा माणसांतही करता येते. सगळ्यांनी साडेसहाला उठायचं, आठला नाश्ता, नऊला रांगेने गाडीत, रात्री नऊला दिवे बंद, फ्रीजला कुलूप. कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीला सोयीचं असं हे वेळापत्रक अगदी भल्या माणसांच्या हातूनही घडतं. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये ‘नॉर्मलायझेशन’ची कल्पना मांडली ती याच ठिकाणी उपयोगी पडते. डेन्मार्कच्या नील्स एरिक बँक-मिकेल्सन यांनी दहा वर्षं आधी, १९५९ च्या डॅनिश कायद्यात, तिचा पाया घातला होता. निर्ये यांचं सांगणं होतं की या माणसांना बरोबरीच्या इतरांसारखी दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची लय मिळाली पाहिजे. दिवसा घराबाहेर काम, संध्याकाळी घरी परतणं, रविवार वेगळा, वर्षातून एकदा सुट्टीची सहल. मोठ्या माणसांची झोपायची वेळ मोठ्यांसारखी. ज्यांच्याशी मैत्री आहे त्यांच्याबरोबर वेळ घालवण्याची मुभा.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१४ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा घरांसाठी जे नियम काढले, त्यात हीच लय हक्कांच्या भाषेत उतरलेली दिसते. राहणाऱ्याच्या खोलीला आतून लावता येईल असं कुलूप हवं. खोली दोघांची असेल तर सोबती निवडायचा हक्क त्याला. हवं तेव्हा खाता यावं, हवं तेव्हा पाहुणा यावा. भाडेकरूला जितकं संरक्षण कायदा देतो तितकं त्याला मिळावं, म्हणजे रागाच्या भरात कुणी त्याला घराबाहेर काढू शकणार नाही. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत यातली अट शिथिल करायची असेल, समजा अन्न दिसताच आवर न राहणाऱ्या आजारामुळे फ्रीज बंद ठेवावा लागत असेल, तर ते का, आधी काय करून पाहिलं आणि किती काळासाठी, हे सगळं तिच्या योजनेत लिहून तिची संमती घ्यावी लागते. आणि हा अपवाद त्या एकट्या व्यक्तीपुरता. घरातल्या बाकीच्यांना तो लागू नाही.

जोखमीचाही प्रश्न येतो. अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये लिहिलं की माणसाला प्रत्येक धोक्यापासून वाचवत राहणं हा त्याचा अपमान आहे. एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं, गॅसवर चहा करणं, चुकीच्या बसमध्ये चढणं, यातून माणूस शिकतो. घर चालवणाऱ्यांनी हा विचार गांभीर्याने करावा असं मला मनापासून वाटतं. पण त्याबरोबर पूर्वतयारीही हवी. दुकानदाराशी ओळख, खिशात पत्त्याचं कार्ड, आधी महिनाभर सोबत जाणं. फिट येणाऱ्या माणसाच्या औषधांची नोंद, आग लागल्यास प्रत्येकाला बाहेर कसं काढायचं याची सराव-फेरी, रात्री जागं असलेलं एक माणूस, यांत तडजोड चालत नाही. आणि हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्या ताई-दादांचा पगार जगात जवळपास सगळीकडे तुटपुंजा आहे, त्यामुळे ते टिकत नाहीत. शब्दांत न बोलणाऱ्या माणसाची भूक, दुखणं, राग ओळखायला कर्मचाऱ्याला महिने लागतात. तो गेला की ओळख पुन्हा पहिल्यापासून. घराच्या अंदाजपत्रकात भिंतींच्या रंगापेक्षा या पगाराचा विचार आधी व्हावा.

महाराष्ट्रात या चळवळीचं एक रूप खेड्याच्या दिशेने गेलं. व्हिएन्नाहून नाझींच्या छळामुळे बाहेर पडलेले बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग यांनी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ ‘कॅम्पहिल’ ही सहजीवनाची पद्धत सुरू केली, जिथे अक्षमता असलेले आणि नसलेले एका घरात राहतात, शेती आणि हस्तकाम करतात. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात कोळवण इथे १९९४ मध्ये सुरू झालेलं ‘साधना व्हिलेज’ त्याच प्रेरणेतून आलं. तिथे राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. डोंबिवलीजवळ खोणी इथलं ‘घरकुल’ हे अमेय पालक संघटनेने, म्हणजे आईवडिलांनीच, उभं केलेलं. खेड्यातल्या मोकळ्या जागेचे फायदे उघड आहेत: हवा, काम, गावाशी नातं. तरी माझा कल वस्तीतल्या फ्लॅटकडे आहे, कारण भाऊ-बहीण तिथे रिक्षाने येऊ शकतात आणि माणूस ज्या बाजारपेठेत, ज्या गणपतीच्या मांडवात वाढला ती त्याच्याजवळ राहते. दोन्ही प्रकारची घरं असावीत आणि निवड राहणाऱ्याची असावी.

कायदा आपल्याकडेही त्याच बाजूने आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं पाचवं कलम सांगतं की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि सरकारने प्रयत्न करावा की तिला विशिष्ट प्रकारच्या निवासाची सक्ती होणार नाही. याच कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार अपंगांसाठीची संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही, म्हणून पहिलं काम नोंदणीचं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांचा समावेश आहे; न्यासाची ‘घरौंदा’ ही योजना प्रौढांच्या निवासासाठी आहे, आणि ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना. एक गोष्ट बऱ्याच पालकांना उशिरा कळते: मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. २०१६ च्या कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणलं. त्यात पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेप्रमाणे, तिच्यासोबत निर्णय घ्यायचा असतो. पैशाच्या बाजूने पाहायचं तर केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईवडिलांनी कमावू न शकणाऱ्या अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीतच नोंदवून ठेवावं. ते त्याला आयुष्यभर मिळू शकतं.

आणि स्थलांतराची वेळ. ‘आमच्यानंतर काय?’ या प्रश्नातच एक धोका दडलेला आहे, कारण तो घराचा विचार मरणानंतरवर ढकलतो. आई गेल्यावर त्याच आठवड्यात अनोळखी घरी जाणाऱ्या माणसाचं एकाच वेळी सगळं जातं: आई, खोली, गल्ली, जेवणाची चव. तो चिडला, जेवेनासा झाला की त्याला ‘वर्तनसमस्या’ म्हणतात. आईवडील हिंडते-फिरते असतानाच सुरुवात करावी. आधी एका दुपारचं जेवण, मग शनिवार-रविवार, मग आठवडा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेतली तात्पुरत्या निवासाची सोय यासाठी वापरता येते. प्रत्येक मुक्कामानंतर त्याला विचारावं की कसं वाटलं, कोणाबरोबर खोलीत राहायला आवडेल, काय आवडलं नाही. बोलता येत नसेल तर फोटो दाखवावेत, आणि झोप, जेवण, हसणं, अंग आखडून घेणं यांची रोज नोंद ठेवावी. उत्तर त्यातच मिळतं. उत्तर नकाराचं आलं तर सोबती बदलून पाहावा, ताई बदलून पाहावी, आणि तरीही नकारच असेल तर दुसरं घर शोधावं.